पाच कसोटींच्या दौऱ्यावर कोणते वेगवान गोलंदाज न्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा: राष्ट्रीय संघाचा पाच कसोटींचा परदेश दौरा आहे, चेंडू ड्यूक्स (इंग्लंडमध्ये वापरतात तो) आहे आणि शेवटच्या एका जागेसाठी दोन नावं चर्चेत आहेत. एक २१ वर्षांचा, ताशी १४८ किलोमीटरपर्यंत जाणारा. दुसरा ३३ वर्षांचा, १३१ च्या आसपास टाकणारा, पण देशांतर्गत स्पर्धेत दोन हंगाम ढिगाने बळी घेतलेला. यांतला कोण? डावखुरा हवाच का? आणि चौथ्या वेगवान गोलंदाजासाठी फिरकीपटूला बसवावं का?

यांतला कोण, हे सगळ्यांत शेवटी ठरतं. निवडीचे बहुतेक वाद भरकटतात ते सुरुवातच नावांपासून केल्यामुळे. गोलंदाजांची गुणवत्ता यादी करायची आणि वरचे चार उचलायचे, ही पद्धत फलंदाजांना कदाचित चालेल. गोलंदाज एकमेकांच्या वाटची षटकं टाकत असतात. एकाने आठ षटकं कमी टाकली की ती दुसऱ्याच्या पाठीवर जातात. म्हणून कागदावर आधी षटकं मांडायची आणि मग ती टाकायला माणसं शोधायची.

मांडून पाहू. एका कसोटीत प्रतिस्पर्ध्यांचे दोन डाव मिळून १९० षटकं टाकावी लागतील असं धरा. फिरकीपटू ४५ टाकेल, अष्टपैलू २०. उरली १२५, म्हणजे तीन मुख्य वेगवान गोलंदाजांना प्रत्येकी ४२ च्या आसपास. पाच कसोटींची झाली ६२५. आता एका गोलंदाजाकडून एका मालिकेत किती षटकं काढून घ्यायची? मी १५० वर रेघ मारतो. २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात जसप्रीत बुमराहने पाच कसोटींत १५१.२ षटकं टाकून १३.०६ च्या सरासरीने ३२ बळी घेतले, आणि सिडनीच्या शेवटच्या डावात, ऑस्ट्रेलियासमोर १६२ धावांचं लक्ष्य होतं तेव्हा, पाठीच्या दुखापतीमुळे तो गोलंदाजीला येऊच शकला नाही. ६२५ ला १५० ने भागलं की उत्तर चारच्या वर जातं. म्हणजे कोणत्याही कसोटीत बिनधास्त खेळवता येतील असे पाच जण आणि त्यांच्यामागे एक राखीव. तीन कसोटींचा दौरा असता तर चार अधिक एक पुरले असते.

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्याचं वेळापत्रक पाहा. २० जून ते ४ ऑगस्ट, म्हणजे ४६ दिवसांत पाच कसोटी. दुसरी आणि तिसरी कसोटी यांच्यात मोकळे दिवस तीन, चौथी आणि पाचवी यांच्यातही तीनच. बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे भारताने आधीच ठरवलं होतं. तो बाहेर होता त्या एजबॅस्टन आणि ओव्हलच्या कसोटी भारताने जिंकल्या. एजबॅस्टनला आकाश दीपने सामन्यात दहा बळी घेतले, मोहम्मद सिराजने पहिल्या डावात सहा. यावरून बुमराहची गरज नाही असा अर्थ काढणं चूक आहे. अर्थ एवढाच की त्याच्या जागी येणारा गोलंदाज नव्या चेंडूने सुरुवात करू शकेल अशाच तोडीचा निवडलेला होता. सिराज त्या मालिकेत पाचही कसोटी खेळला आणि १८५.३ षटकं टाकूनही ओव्हलच्या शेवटच्या सकाळी पूर्ण जोरात धावत होता. असा गोलंदाज मिळाला तर संघाचं भाग्य. पण योजना आखताना तसं गृहीत धरू नये.

षटकं मोजून झाली की ती कधीची आहेत ते पाहायचं. ८० षटकांनंतर दुसरा नवा चेंडू मिळतो. पहिल्या २०-२५ षटकांत चेंडूची चकाकी आणि कडकपणा शिल्लक असतो, तेव्हा बरे गोलंदाज चांगले दिसतात आणि चांगले थोर. खरी ओढाताण होते २५ ते ८० या पंचावन्न षटकांत. चेंडू मऊ झालेला, सलामीची जोडी थकलेली, खेळपट्टी सुकलेली, समोर जम बसलेला फलंदाज. निवडीच्या चर्चेत या षटकांबद्दल बोलणारा माणूस क्वचित भेटतो, आणि मला ते फार खटकतं, कारण परदेशातले सामने हातातून निसटतात ते बहुतेक याच वेळात.

न्यूझीलंडने हे काम नील वॅगनरला नेमून दिलं होतं. ट्रेंट बोल्ट आणि टिम साउदी नवा चेंडू वळवून बाजूला झाले की वॅगनर छाती-खांद्याच्या उंचीला सलग आखूड टप्प्याचा मारा करायचा. लेगला दोन-तीन क्षेत्ररक्षक, सात-आठ षटकांचा स्पेल (एका दमातला मारा), वेग १३०-१३५ चाच. २६० कसोटी बळी घेतले त्याने. त्याला नवा चेंडू दिला असता तर तो सामान्य ठरला असता, आणि बोल्टला पन्नासाव्या षटकात तेच काम दिलं असतं तर बोल्ट. म्हणून संघाच्या यादीत प्रत्येक नावापुढे षटक क्रमांक लिहा: हा १ ते १२, हा २५ ते ५०, हा ५० ते ८०. दोन नावांपुढे एकच आकडे आले तर त्यांतलं एक नाव जास्तीचं आहे.

मधल्या षटकांत बळी मिळवायच्या वाटा मोजक्याच आहेत. खेळपट्टी कोरडी, मैदान खरबरीत आणि वेग १४० च्या वर असेल तर रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुना चेंडू नेहमीपेक्षा उलट्या दिशेला वळवणं. २०२० पासून चेंडूला थुंकी लावायला बंदी आहे, २०२२ मध्ये ती कायमची झाली. फक्त घामावर एक बाजू तकतकीत ठेवणं अवघड असतं, आणि हिरव्यागार आउटफिल्डवर चेंडूची दुसरी बाजू पुरेशी घासलीच जात नाही. उंची असेल तर उसळी. ती नसेल तर वॉबल सीम: शिवणीवरची दोन बोटं नेहमीपेक्षा थोडी फाकवायची, मनगट सैल ठेवायचं, म्हणजे चेंडू हवेत डगमगत जातो आणि शिवणीची कुठली कड टेकेल ते गोलंदाजालाही ठाऊक नसतं. आणि काहीच नसेल तर ऑफ स्टंपच्या माथ्यावर तासभर टाकत राहायचं, षटकामागे अडीचपेक्षा जास्त धावा न देता. या चारपैकी निदान दोन गोष्टी येत नसतील तर तो गोलंदाज नव्या चेंडूपुरता आहे. असे दोन पुरे.

आता १३१ चा गोलंदाज. त्याला वेगावरून बाद करण्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या व्हर्नन फिलँडरची आठवण ठेवा. वेग १३० च्या घरात, तरी २२४ कसोटी बळी, सरासरी २२.३२, पहिले पन्नास बळी सात कसोटींत. अशा गोलंदाजाकडे बघताना मागून घेतलेलं संथ चित्रण मागवा आणि चेंडू सुटतानाची शिवण पाहा. ती सरळ उभी, किंचित स्लिपकडे कललेली आणि न डगमगता मागे फिरत निघायला हवी. दहापैकी आठ चेंडूंना तशी निघत असेल तर ड्यूक्स चेंडू त्याला साथ देईल, कारण त्याची शिवण हाताने घातलेली असते आणि उठून दिसते. ऑस्ट्रेलियात वापरतात त्या कुकाबुरा चेंडूच्या शिवणीच्या बाहेरच्या ओळी यंत्राने शिवलेल्या असतात. त्या लवकर बसतात आणि पंधरा-वीस षटकांनंतर १३१ चा चेंडू फलंदाजाला तयार ताट वाढून देतो. म्हणजे हाच गोलंदाज इंग्लंडला न्यायचा आणि ऑस्ट्रेलियाला नाही. यात अन्याय काही नाही. पण २०२५ च्या त्याच मालिकेत ड्यूक्स चेंडूही लवकर मऊ पडून आकार सोडत होते, पंच वारंवार चेंडू बदलत होते. तेव्हा सगळी मोट एकट्या स्विंगवर बांधू नका.

वेगाचा खरा फायदा मोजून घ्या. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर. वाटेत वेग कमी होत नाही असं हिशेबापुरतं धरलं तर १४८ चा चेंडू ०.४३ सेकंदात पोहोचतो, १३१ चा ०.४९ मध्ये. सहा शतांश सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण पुढे यायचं की मागे जायचं हा निर्णय तेवढ्यातच चुकतो. शेपटाला, म्हणजे तळाच्या फलंदाजांना, गुंडाळायला आणि जमलेल्या फलंदाजाला हलवायला या वेगाला पर्याय नाही. मात्र हा वेग कधी मोजला आहे ते विचारा. पहिल्या स्पेलचा आकडा सगळेच सांगतात. मला हवा असतो दुसऱ्या दिवशी चहापानानंतरच्या तिसऱ्या स्पेलचा. १४५ वरून १४० वर आला तर छान. १४५ वरून १३३ वर आला, तर तो चार षटकांचा गोलंदाज आहे आणि उरलेली षटकं दुसऱ्या कुणाला तरी भरून काढावी लागतील.

देशांतर्गत आकड्यांची चिरफाड करायची तर बळींचा एकूण आकडा बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी पाहा. पहिली, त्याच सामन्यांत इतर वेगवान गोलंदाजांची सरासरी किती होती. समजा एकाची सरासरी २४ आहे आणि त्याच खेळपट्ट्यांवर इतरांची २२. दुसऱ्याची २८ आहे आणि इतरांची ३६. दुसरा बराच सरस आहे, जरी यादीत तो खाली दिसतो. दुसरी गोष्ट, पहिल्या सहा फलंदाजांचे बळी किती. ४० बळींपैकी १८ शेवटच्या चौघांचे असतील तर त्यातून फार काही कळत नाही. तिसरी, डावखुऱ्या फलंदाजांना तो कुठून टाकतो. २०१९ च्या अॅशेसमध्ये इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडने राउंड द विकेट (यष्ट्यांच्या नेहमीपेक्षा दुसऱ्या बाजूने) येऊन ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या डेव्हिड वॉर्नरला दहा डावांत सात वेळा बाद केलं. प्रतिस्पर्धी संघात वरच्या सातांत तीन-चार डावखुरे असतील आणि आपल्या गोलंदाजाला राउंड द विकेटवरून चेंडू बाहेर काढता येत नसेल, तर त्याची अर्धी षटकं वाया जाणार.

विशिष्ट मैदानासाठी निवड करण्यातही काही गैर नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने स्कॉट बोलंडला बत्तिसाव्या वर्षी मेलबर्नमध्ये, त्याच्या घरच्या मैदानावर कसोटी पदार्पण दिलं. त्याने दुसऱ्या डावात ७ धावांत ६ बळी घेतले. वय पाहून त्याला नाकारणारी समिती त्या दिवशी काय गमावते आहे हे तिला कधी कळलंही नसतं.

एकवीस वर्षांच्या मुलाबद्दल बोलताना मात्र आवाज खाली आणावा लागतो, कारण इथे निवड समितीच्या चुकीची किंमत त्याची पाठ मोजते. पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट जोर त्या पायातून कमरेकडे जातो. कमरेच्या मणक्यांची हाडं पंचविशीच्या आसपासपर्यंत घट्ट होत असतात, म्हणून मणक्याला सूक्ष्म तडा जाण्याच्या दुखापती तरुण वेगवान गोलंदाजांत सर्वाधिक दिसतात. कमरेचा भाग फलंदाजाकडे वळलेला आणि खांदे आडवे, अशी मिश्र शैली असेल तर धोका आणखी वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला अठराव्या वर्षी पदार्पण केलं, दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेतले, आणि त्याची पुढची कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधली पाच वर्षं बहुतांशी दुखापतींनी खाल्ली. तो परतला आणि कर्णधार झाला, पण असे परत येणारे थोडेच.

इथे भाराचा हिशेब चेंडूंनी करायचा, सामन्यांनी नव्हे. समजा हा मुलगा टी-ट्वेंटी लीगमधून थेट दौऱ्यावर येतो. आठवड्याला दोन सामने, म्हणजे ४८ चेंडू, आणि सरावात शंभरेक. चार आठवड्यांची सरासरी झाली १५०. कसोटीत त्याने ४० षटकं टाकली तर सामन्याचेच २४० चेंडू, सरावाचे ४० धरून २८०. एका झटक्यात भार जवळजवळ १.९ पट. १.३ पर्यंत मी निर्धास्त असतो, १.५ च्या पुढे जाऊ देत नाही. फसवी गोष्ट अशी की दुखापत त्या आठवड्यात बहुधा दिसत नाही. ती पुढच्या दोन-तीन आठवड्यांत डोकं वर काढते, आणि तोवर सगळे म्हणत असतात की पोरगा किती दणकट आहे. उपाय सरळ आहे: दौऱ्याआधी पाच-सहा आठवडे लाल चेंडूने आठवड्याला १५०, १७०, २००, २२० असं चढत जायचं, मध्ये एक हलका आठवडा, आणि एक तरी चारदिवसीय सामना, ज्यात तो एका दिवसात तीन स्पेल टाकेल. त्यासाठी लीगमधून त्याला आधी सोडवून घ्यावं लागलं तर घ्यावं. मंडळाकडे तेवढं धैर्य नसेल तर त्या मुलाची निवडच करू नये.

डावखुरा हवाच का? अट म्हणून नको. १३० चा, सरळच जाणारा डावखुरा फक्त कोनासाठी घेतला तर तिसऱ्या सत्रापर्यंत फलंदाजांना त्या कोनाची सवय होते. पण दोन उमेदवार तुल्यबळ असतील तर डावखुरा घ्या, आणि त्याचं एक कारण सहसा बोललं जात नाही. ओव्हर द विकेट (नेहमीच्या बाजूने) टाकणाऱ्या डावखुऱ्याच्या बुटांनी खेळपट्टी उजव्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर उकरली जाते, आणि चौथ्या दिवशी त्या खड्ड्यांतून ऑफस्पिनरचा चेंडू हातभर वळतो. ऑस्ट्रेलियाच्या डावखुऱ्या मिचेल स्टार्कच्या पाऊलखुणांवर ऑफस्पिनर नेथन लायनने बरंच पीक काढलं आहे. वेगवेगळ्या उंचीलाही असंच महत्त्व द्या. तिघेही सारख्या उंचीचे, उजव्या हाताचे, १३८ चे असतील तर फलंदाजाला एकदाच जम बसवावा लागतो.

फिरकीपटूला बसवण्याचा मुद्दा २०१८ या एकाच वर्षात दोन्ही बाजूंनी तपासून निघाला. जानेवारीत जोहान्सबर्गला भारत पाच वेगवान गोलंदाजांसह, फिरकीपटूशिवाय उतरला आणि ६३ धावांनी जिंकला. खेळपट्टी इतकी उसळत होती की फिरकीला काम उरलं नव्हतं. डिसेंबरमध्ये पर्थला भारताने पुन्हा चार वेगवान गोलंदाज खेळवले, आणि ऑस्ट्रेलियाच्या लायनने आठ बळी घेऊन सामनावीराचा मान मिळवला. भारत १४६ धावांनी हरला. दोन्हीकडे गवत होतं, दोन्हीकडे उसळी होती. म्हणून गवताच्या रंगावर निर्णय घेऊ नका. खालची माती किती कोरडी आहे, तडे कुठे आहेत आणि पुढचे पाच दिवस ऊन आहे की ढग, हे पाहा. साउदम्प्टनला २०२१ च्या कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने पावसाळी हवा पाहून एकही फिरकीपटू घेतला नाही, भारताने दोन घेतले, आणि सामना न्यूझीलंडच्या दोन मीटरहून उंच काईल जेमिसनने सात बळी घेऊन फिरवला. शिवाय चार वेगवान गोलंदाजांनी दिवसाची ९० षटकं वेळेत होत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला षटकांची गती कमी पडल्यामुळे ऑस्ट्रेलियाचे याच अजिंक्यपद स्पर्धेतले चार गुण कापले गेले आणि पुढे त्याच फरकाने त्यांचं अंतिम सामन्यातलं स्थान हुकलं.

आठव्या क्रमांकावर फलंदाजी येणारा गोलंदाज हवा, यावर एकच सांगतो: त्या वीस-पंचवीस धावांसाठी दर डावात तो दहा षटकंच टाकणार असेल, तर ती उरलेली षटकं कुणाच्या पाठीवर जाणार ते आधी लिहून काढा.

एकदिवसीय निकषांची इथे सरमिसळ नको. तिथे २०२५ च्या नियमबदलानंतर पहिली ३४ षटकं दोन चेंडू आणि त्यापुढे त्यांतला एकच चेंडू वापरतात, त्यामुळे शेवटी रिव्हर्स करणाऱ्याचा भाव पुन्हा वाढला आहे. ती यादी वेगळी करावी.

आता मूळ प्रश्न. या दौऱ्यासाठी मी दोघांनाही नेईन, वेगवेगळ्या कामांसाठी. ३३ वर्षांच्या गोलंदाजाला पहिल्या दोन कसोटींत नव्या चेंडूने खेळवीन. ड्यूक्सवर तो लगेच उपयोगी पडेल. २१ वर्षांच्या मुलाला तिसरा वेगवान गोलंदाज म्हणून अजिबात नाही, कारण तिसऱ्याला डावात वीस षटकं टाकावी लागतात. अष्टपैलू धरून वेगवान मारा चौघांचा असेल तेव्हाच तो खेळेल, चार-चार षटकांच्या स्पेलमध्ये, दिवसाला जास्तीत जास्त चौदा, आणि सलग दोन कसोटी नाहीत. त्याला वेळीच थांबवणारा कर्णधार असेल तर हे जमतं. बळी मिळू लागले की सातवं-आठवं षटक मागणारा असेल तर मर्यादा ड्रेसिंग रूममधून पाळायला लावावी लागते. दोघांनाही पहिल्या सरावात सांगायची गोष्ट एकच: उसळी दिसली म्हणून आखूड टाकू नका. यष्ट्यांपासून ६ ते ८ मीटर हा तुमचा नेहमीचा टप्पा असेल, तर उसळत्या खेळपट्टीवर तो अर्धा-पाऊण मीटर पुढे न्यावा लागतो, नाहीतर दिवसभर फलंदाज चकतात, टाळ्या पडतात आणि चेंडू स्टंपवरून कीपरकडे जात राहतो.

आणि सामन्याच्या दोन दिवस आधी साशंक असलेल्या गोलंदाजाला नेटमध्ये पूर्ण रन-अपने, पूर्ण जोरात सहा षटकं टाकायला लावा, पंधरा मिनिटं बसवा, मग आणखी तीन. दुखणं दाखवतात ती ही नंतरची तीन षटकं. धावताना लय तुटली, पुढचा पाय जपून पडू लागला किंवा मागचा हात लवकर खाली आला, तर त्याला वगळा, नाव कितीही मोठं असो. डोक्याला मार बसला तरच बदली गोलंदाज मिळतो. मांडीचा स्नायू पहिल्या सकाळी तिसऱ्या षटकात ओढला गेला तर मिळत नाही, आणि मग त्याची चाळीस षटकं उरलेल्या दोघांना टाकावी लागतात.